घसरणं, ठेचकाळणं, पडणं: यंत्रशाळेतल्या फरशीच्या कामाच्या नोंदी

जागा अशी: एका बाजूला लेथ आणि ग्राइंडिंग मशिनांची रांग, खाली सिमेंटचा कोबा. त्याला लागून सुटे भाग धुण्याचा विभाग, तिथे गुळगुळीत ग्लेझ्ड टाइल. मागे साठवणीची खोली, वर माळ्यावर जाणारा जिना, पुढे प्रवेशद्वार. दुरुस्ती काम चालू ठेवूनच करायची होती. असंच काम हाती घेणाऱ्याला कुठे वेळ जातो आणि कुठे सामान वाया जातं ते आधीच कळावं, म्हणून या नोंदी.

४ मार्च

अपघाताच्या नोंदवहीपासून सुरुवात केली आणि ती अपुरी ठरली. वहीत येतं ते फक्त लागलं-खुपलं तेवढंच. पाय सरकला पण माणूस सावरला, ठेच लागली पण पडला नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि धोक्याची जागा ओळखायला नेमकं तेच लागतं.

मजल्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढून हजेरीच्या जागेजवळ भिंतीवर लावला. शेजारी स्टिकरचे रंगीत ठिपके. घसरलं तर लाल, ठेच लागली तर निळा, पायरी चुकली तर पिवळा. ठिपक्यावर पेनाने तीन गोष्टी: वेळ, जमिनीवर काय होतं, हातात काय होतं. नाव लिहायचं नाही. नाव मागितलं की माणसं ठिपका लावत नाहीत.

तीन रंग वेगळे ठेवले, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. घसरताना टाच टेकल्या टेकल्या पुढे सरकते आणि माणूस पाठीवर किंवा कुशीवर पडतो; तिथे प्रश्न पकडीचा. ठेच लागते तेव्हा पुढे येणारा पाय अडतो आणि माणूस तोंडावर, हातांवर पडतो. तिथे कितीही खरखरीत फरशी लावली तरी उपयोग शून्य. पायरी चुकण्यात दोष बहुधा मापाचा किंवा उजेडाचा असतो. ‘पडला’ एवढंच लिहिलं की तिन्ही एकाच गाठोड्यात जातात आणि सगळ्यांवर एकच उपाय सुचतो: नवी फरशी.

११ मार्च

ठिपके जमले. लाल ठिपके धुलाईच्या मधोमध दाट असतील असा सगळ्यांचा अंदाज होता. तसं नाही. ते दाटले आहेत टाइल संपून कोबा सुरू होतो त्या पट्ट्यात, आणि लेथ ते धुलाई या वाटेवर. ओलं आहे हे माहीत असलं की माणूस आपोआप पावलं लहान टाकतो, पाय सपाट टेकवतो. कोरड्या जमिनीवरच्या चालीत असताना पायाखाली अचानक ओलं येतं, तिथे तो फसतो. सगळा विभाग एकदम करण्याऐवजी आधी ही सीमा धरायची ठरलं.

निळे ठिपके साठवणीच्या दारात आणि मशिनांमागच्या बोळात. पिवळे जवळजवळ सगळे जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी.

१४ मार्च

फरशीची पकड मोजायचा पहिला प्रयत्न वाया गेला. बुटावर वजन ठेवून स्प्रिंग-काट्याने ओढायचं, सरकायला लागणारं बळ वजनाने भागायचं, अशी सोपी पद्धत होती. एका टाइलवर आकडा कोरड्यापेक्षा ओल्याचा जास्त आला. म्हणजे ओली टाइल जास्त सुरक्षित, असा उफराटा निष्कर्ष.

कारण असं: बूट स्थिर ठेवला की त्याच्या वजनाखालचं पाणी दाबून बाहेर निघून जातं आणि तळ फरशीला चिकटून बसतो. चालताना टाच वेगाने टेकते. पाण्याच्या पातळ थराला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि तळ त्या थरावर तरंगतो. ओल्या फरशीसाठी ओढून मोजण्याची कोणतीही पद्धत वापरू नये. सगळे आकडे रद्द केले.

त्याऐवजी पेंडुलम चाचणी करून घेतली. बुटाच्या तळाच्या जागी ९६ क्रमांकाचा रबरी स्लायडर लावलेला लोलक ठरलेल्या उंचीवरून फरशीला घासून जातो. एका जागी आठ झोके; पहिले तीन सोडून उरलेल्या पाचांची सरासरी; तीन दिशांनी. येणारा आकडा ३६ किंवा जास्त असेल तर घसरण्याची शक्यता कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ पर्यंत जास्त. आमची टाइल कोरडी असताना ३६ च्या बरीच वर, पाणी शिंपडल्यावर थेट सगळ्यात खालच्या गटात. कोबा ओला असतानाही ठीक, मात्र कूलंट (धातू कापताना भाग थंड ठेवणारं द्रव) आणि तेलाचा थर असलेल्या वाटेवर तोही मध्यम गटात.

मोजणाऱ्याला जागा दाखवताना कोपरे देऊ नका. कोपऱ्यातली टाइल नवीसारखी असते. माप चालून झिजलेल्या मधल्या पट्ट्यावर घ्यायचं, आणि तेही दोनदा: जागा आहे तशी, आणि स्वच्छ धुऊन. या दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर दोष फरशीत कमी आणि सफाईत जास्त.

१८ मार्च

कोटिंग मागवायच्या आधी द्रवाचा माग काढला. फरशीवर द्रव येतो कुठून?

भागांनी भरलेली जाळीची टोपली टाकीतून वर काढली की निथळत राहते. वाळवणीचं रॅक पलीकडच्या भिंतीला. टोपली तिथपर्यंत हातात न्यायची, म्हणजे वाटभर धार. टाकीवर निथळवायला हूक होता, पण एकच. पहिली टोपली हुकावर लटकली की दुसरी अडकते आणि काम थांबतं, म्हणून कोणी निथळू देत नव्हतं. ‘निथळू द्या’ अशी पाटी तिथे आधीपासून होती. हूक मात्र कोणी वाढवला नव्हता. दुसरा हूक बसवला आणि रॅक सरकवून टाकीला चिकटवलं. ओली टोपली घेऊन चालायची वाटच संपली. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

रॅकखाली पाणी धरायला ट्रे ठेवला, तो फसला. ट्रेची दोन सेंटीमीटरची कड वाटेत आली आणि तिसऱ्याच दिवशी तिथे निळा ठिपका. ट्रे जमिनीवरून उचलून रॅकच्या पायांना नडगीच्या उंचीवर, टाकीकडे उतार देऊन बसवला, आणि नळी टाकीत सोडली.

पंपाखाली बादली ठेवलेली होती आणि ती भरून वाहत असे. ग्लँड (पंपाचं पॅकिंग दाबून धरणारा भाग) घट्ट आवळून गळती बंद करायचा मोह होतो. तसं करू नये. फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, दोरीचं पॅकिंग भरलेला पंप थेंबथेंब गळणंच अपेक्षित असतं. त्या थेंबांनीच पॅकिंग थंड राहतं. पूर्ण आवळलं तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टच्या स्लीव्हला चरे पडतात. जुनं पॅकिंग बदललं, थेंब ठेवले, आणि ग्लँडखाली छोटी पन्हळ लावून ते नळीने नाल्यात नेले. कायम कोरडं हवं असेल तर मेकॅनिकल सील. पुढच्या मोठ्या दुरुस्तीत तो घेणार.

लेथपाशी वेगळंच निघालं. कूलंट मशिनमधून कमी आणि हवेच्या गनमुळे जास्त उडत होतं. भाग चकमधून (तो धरून ठेवणाऱ्या पकडीतून) काढून हवा मारली की फवारा थेट वाटेवर. तीन बाजू बंद, तळाला जाळी आणि खाली ट्रे असलेला पत्र्याचा खोका प्रत्येक मशिनपाशी बसवला. हवा फक्त त्या खोक्यातच मारायची.

२५ मार्च

सफाईनंतर फरशी जास्त निसरडी होते ही तक्रार कामगारांची होती आणि ती शंभर टक्के खरी निघाली. या नोंदीवर जास्त लिहितो, कारण हे दुखणं बहुतेक ठिकाणी असतं आणि नवी फरशी घालूनही जात नाही.

एक, साबण अंदाजाने. बाटली वाकडी करून ओतायची, जास्त घातलं की जास्त स्वच्छ असा समज. जादा साबण खळाळून निघत नाही, वाळून थर होतो आणि पाणी पडलं की पुन्हा निसरडा होतो. ओळखायची खूण सोपी: वाळलेल्या फरशीवर साधं पाणी शिंपडून ब्रशने घासा. फेस आला तर थर शिल्लक आहे. आमच्याकडे भरपूर आला.

दोन, मॉप. सपाट मॉप तेल उचलत नाही, पसरवतो. बादलीतलं पाणी काळं झाल्यावर आपण स्वच्छ जागेवर तेलच लावत असतो.

तीन, घाई. तेल सुटायला साबणाला वेळ लागतो. टाकलं आणि लगेच ओढलं की निम्मं तेल जागच्या जागी राहतं.

बदललेली पद्धत: आधी कोरडा कचरा आणि लोखंडी कीस झाडून घ्यायचा. तेल काढणारं अल्कधर्मी द्रावण उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच, त्यासाठी बादलीवर रेघ आणि दोरीने बांधलेलं माप. द्रावण पसरून पाच ते दहा मिनिटं तसंच, पण वाळू द्यायचं नाही. मग लांब दांड्याच्या ताठ ब्रशने घासायचं. मळलेलं पाणी वायपरने नाल्यापर्यंत ढकलण्यापेक्षा पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने उचलायचं. वायपर टाइलच्या सांध्यांत तेलकट पाणी सोडून जातो. साध्या पाण्याने एकदा धुवायचं, पुन्हा उचलायचं.

एका वेळी वाटेची निम्मी रुंदीच ओली करायची, म्हणजे चालायला कोरडी बाजू उरते. मध्ये साखळी. पिवळी ‘ओली फरशी’ पाटी आमच्याकडे बारा महिने त्याच कोपऱ्यात उभी असायची. कायम दिसणारी पाटी कोणाला दिसत नाही. आता ओलं असेपर्यंत साखळी आणि पाटी, वाळलं की दोन्ही जागेवरून उचलायचं. सफाई शिफ्ट बदलायच्या वेळी होत असे, म्हणजे वर्दळ सर्वांत जास्त आणि फरशी सर्वांत ओली एकाच वेळी. तिची वेळ दोन तासांनी सरकवली.

सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकायची सवय आहे. भुसा द्रव शोषतो, पण खाली पातळ थर उरतोच आणि कोरड्या जागेवर पसरलेला भुसा स्वतःच पायाखाली सरकतो. भुसा टाकणं ही सफाईची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. तेल शोषणाऱ्या पॅडचा संच आणला, तो आधी स्टोअरच्या कुलपात गेला आणि कोणी वापरला नाही. आता प्रत्येक तिसऱ्या मशिनपाशी खांबावर उघडा टांगलेला आहे.

१ एप्रिल

नवी पद्धत लागू केल्यावर पुन्हा मोजलं. कोबा सगळीकडे ३६ च्या वर गेला, एका तेल मुरलेल्या पट्ट्याचा अपवाद सोडून. म्हणजे मोठ्या भागाला कोटिंगची गरजच नव्हती. धुलाईची टाइल मात्र ओली असताना खालच्या गटातच राहिली. तिचा पृष्ठभागच गुळगुळीत आहे. आधी कोटिंग मागवलं असतं तर तिप्पट जागेचं मागवलं गेलं असतं.

३ एप्रिल

टाइल निवडताना दोन गोष्टी पाहिल्या.

पहिली, पृष्ठभागाचा खडबडीतपणा. तो आर-झेड या मापाने मायक्रॉनमध्ये मोजतात. द्रव जितका दाट तितका खडबडीतपणा जास्त लागतो: साध्या पाण्याला किमान २०, साबणाच्या पाण्याला ४५, इंजिन ऑइलसारख्या तेलाला ७०. आमच्याकडे साबणाचं पाणी आणि वर तेलाचा अंश. ‘ओल्यात चालते’ असं लिहिलेली टाइल बहुतेक वेळा साध्या पाण्याच्या हिशेबाने असते, ती इथे पुरणार नाही.

दुसरी, आर क्रमांक. तेल लावलेल्या उतरत्या फळीवर माणूस चालवून, तो किती अंशाला घसरतो यावरून आर ९ ते आर १३ असे गट पाडतात. ही पट्टी ९ पासूनच सुरू होते. आर ९ म्हणजे दहापैकी नऊ नाही, सगळ्यात खालचा गट आहे: ६ ते १० अंश. आर ११ म्हणजे १९ ते २७, आर १२ म्हणजे २७ ते ३५ अंश. ‘अँटी-स्किड आहे, आर ९ आहे’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून धुलाईसाठी टाइल घेऊ नका. आम्ही आर १२ घेतली, आणि घेण्याआधी नमुन्यावर आमचंच धुलाईचं पाणी टाकून पेंडुलम लावला.

जुन्या टाइलवर रसायन लावून पृष्ठभाग खरवडण्याचा पर्याय स्वस्त होता. ग्लेझ विरघळून बारीक खड्डे पडतात आणि सुरुवातीला आकडा खरोखर वाढतो. पण वर्दळीच्या वाटेवर तो परिणाम झिजतो, आणि कधी झिजला ते दिसत नाही. कमी वर्दळीच्या, फक्त पाण्याच्या जागेला ते चालेल, इथे नको.

खडबडीत टाइलची किंमत सफाईत मोजावी लागते. तिच्यावर मॉप चालत नाही, धागे तुटून अडकतात. ब्रशशिवाय खाचा भरतात आणि भरलेली खडबडीत टाइल गुळगुळीत टाइलसारखीच वागते. घासायला माणूस आणि वेळ नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही.

१० एप्रिल

कोब्यावरच्या तेल मुरलेल्या पट्ट्यासाठी इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारी राळ) आणि वाळूचं कोटिंग. आधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना केला होता. तो आज पापुद्र्यासारखा उचलला गेला. खालच्या बाजूला तेलाचे डाग. पृष्ठभागावरचं तेल धुतलं होतं, काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेलं तसंच होतं. नमुना न करता पूर्ण पट्टा केला असता तर सगळं सामान गेलं असतं.

दुसऱ्या वेळची तयारी: गरम पाणी आणि अल्कधर्मी द्रावणाने वारंवार घासणं, मध्ये वाळू देणं, मग डायमंड ग्राइंडरने वरचा थर काढणं. पुरेसं झालं का ते पाण्याच्या थेंबाने पाहायचं. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे. पसरून आत मुरला आणि जागा गडद झाली तर पुढे जायला हरकत नाही. दर अर्ध्या मीटरवर थेंब टाकून पाहिला. दोन जागी थांबून पुन्हा घासावं लागलं.

मग ओलावा. ४५ सेंटीमीटर चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवलं आणि रात्रभर, किमान १६ तास ठेवलं. टाकीजवळच्या तुकड्याखाली थेंब जमले. खालून पाणी येत होतं, नाल्याचा सांधा फुटलेला. कोटिंग थांबवून आधी तो सांधा उकरला. यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पण ओल्या काँक्रीटवर टाकलेलं इपॉक्सी फुगून निघतंच.

२४ एप्रिल

कोटिंग टाकलं. क्रमाने:

राळ आणि हार्डनर वजन करून घेतले, डोळ्यांनी नव्हे. कमी वेगाच्या ड्रिलवर पाते लावून ढवळलं, डब्याच्या कडा आणि तळ खरवडून दुसऱ्या डब्यात ओतलं आणि पुन्हा ढवळलं. कडेला न मिसळलेली राळ राहिली की तेवढी जागा कधीच सुकत नाही, चिकटच राहते. मिसळलेलं मिश्रण डब्यात ठेवायचं नाही. डब्यात ते तापतं आणि पटकन घट्ट होतं. लगेच जमिनीवर ओतून पसरायचं.

ओल्या थरावर कोरडी क्वार्ट्झ वाळू उधळली, ओली जागा कुठेच दिसेनाशी होईपर्यंत. चौरस मीटरला साधारण ३ ते ४ किलो धरा. हात आखडता घेतला की मधे टक्कल पडतं आणि नेमकं तिथेच पाय सरकतो. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून व्हॅक्यूमने उचलली. इथे आळस नको. सुटा कण पायाखाली सरकतो.

वरचा सीलिंग थर पहिल्या दोन मीटरवर जाड बसला आणि वाळूचे दाणे बुडाले. हात फिरवला तर गुळगुळीत. तेवढा भाग घासून पुन्हा वाळू टाकावी लागली. हा थर रबरी पातीने ओढून पातळ करायचा आणि आखूड केसांच्या रोलरने फिरवायचा. दाण्यांची टोकं वर राहिली पाहिजेत.

एका कोपऱ्यात पृष्ठभागावर पांढुरका, चिकट थर आला. पहाटे हवा दमट होती आणि शेजारची जागा नुकतीच धुतली होती. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. दोन्ही मोजूनच सुरुवात करायची. तो थर कोमट पाण्याने धुऊन, घासून, त्यावर पुन्हा हात दिला.

२४ तासांनी पायी चालायला दिलं. ढकलगाडीसाठी पूर्ण आठवडा थांबायला हवं होतं. माल अडल्यामुळे ती चौथ्या दिवशी आत आली आणि चाकांचे ओरखडे कायमचे राहिले.

कोटिंगची कड चार मिलिमीटर वर राहिली असती तर तीच ठेच झाली असती. म्हणून कडेला कटरने खाच पाडली होती आणि थर तिच्यात उतरवून कोब्याच्या पातळीला आणून संपवला. खाचेमुळे कड उचलतही नाही. टाइल आणि कोबा यांच्या सीमेवर सुमारे दोन मीटरचा पट्टाही याच कोटिंगचा केला, म्हणजे ओले तळ घेऊन बाहेर येणाऱ्याला पकड एकदम बदललेली लागत नाही.

६ मे

ठेचांचं काम. चालताना पुढे येणारा पाय जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वर असतो, म्हणून दहा मिलिमीटरची कडही पुरते. आमची मर्यादा: ६ मिलिमीटरपर्यंत सोडून द्यायचं, ६ ते १३ पर्यंत कड तिरकी करायची, १३ पेक्षा जास्त असेल तर उतार. सरळ पट्टी आणि ६ मिलिमीटरचं ड्रिल बिट घेऊन सगळ्या वाटा तपासल्या. पट्टीखाली बिट सहज गेलं की खडूने खूण.

फुटलेल्या सांध्यांत सिमेंट मसाला भरला, तो आठवड्यात उखडला. कडेला मसाला शून्यापर्यंत पातळ होत गेला होता आणि तो पातळ भाग गाडीच्या चाकाने फुटला. आता कडा कटरने सरळ उभ्या, किमान १२ मिलिमीटर खोल कापून, धूळ ओढून, प्रायमर लावून इपॉक्सी मॉर्टर भरलं. ते टिकलं आहे.

साठवणीच्या दारात एकच पायरी होती, ९० मिलिमीटरची. एकटी पायरी डोळ्याला दिसत नाही, विशेषतः हातात खोकं असताना. एकास बारा उतार द्यायला १०८० मिलिमीटर लांबी लागते, आणि दार त्याच बाजूला उघडत होतं. दाराच्या बिजागऱ्या फिरवून ते आत उघडतं केलं आणि उतार बसवला.

मशिनांमागच्या वायरी छतावरून खाली आणल्या. जमिनीवरचं रबरी कव्हर हा शेवटचा उपाय, कारण ते स्वतःच उंचवटा असतं. हवेच्या नळ्यांना स्प्रिंगची रीळ.

वाटेत रिकामे पॅलेट पडायचे. पिवळ्या रेघा आधीपासून होत्या, त्या पाळल्या जात नव्हत्या. कारण रिकाम्या पॅलेटला जागाच दिलेली नव्हती. एक कोपरा मोकळा करून दिला आणि वाट त्याच दिवशी मोकळी झाली.

१६ मे

जिना. प्रत्येक पायरीची उंची आणि रुंदी स्टीलच्या टेपने मोजली. मोजण्याआधी एक झटपट तपासणी: जिन्याच्या वरच्या टोकाच्या सपाट जागेवर उकिडवं बसून खाली पाहायचं. पायऱ्यांच्या सगळ्या कडा एका सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. एखादी कड रेषेबाहेर दिसली तर ती पायरी वेगळ्या मापाची. आमची सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा १८ मिलिमीटरने बुटकी निघाली. कधीतरी खालच्या मजल्यावर नवी फरशी चढवली होती आणि तिच्या जाडीएवढी पायरी कमी झाली. उतरताना पाय बाकीच्या पायऱ्यांचं माप लक्षात ठेवून पडतो, आणि जमीन अपेक्षेआधी येते. पिवळ्या ठिपक्यांचा उलगडा झाला. पायथ्याची जमीन कापून मूळ पातळीला आणली. जिन्याच्या वर किंवा खाली नवा थर देणाऱ्याने पायरीचं माप आधी तपासावं.

प्रत्येक पायरीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची टेप आडवी चार-चार ओळींत लावलेली होती. इतक्या रेघांत खरी कड कुठली तेच कळत नाही. सगळी काढली. आता फक्त कडेला एक, ५५ मिलिमीटर रुंद, पायरीच्या रंगाहून ठळक वेगळी पट्टी. टेप लावताना पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून वाळू दिला, टेपचे कोपरे गोल कापले, रबरी रोलर जोर देऊन फिरवला आणि कडांना सीलर लावला. चौकोनी कोपरा आधी उचलतो आणि मग पायात अडकतो.

कठडा एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूलाही बसवला, पायरीच्या कडेपासून ९०० ते १००० मिलिमीटर उंचीवर, वर आणि खाली ३०० मिलिमीटर पुढे काढून. पण दोन्ही हातांत खोकं असेल तर कठडा निरुपयोगी. माळ्यावरचा माल चढवायला छोटा हॉइस्ट लावला आणि जिन्याने दोन्ही हातांनी ओझं नेणं बंद केलं.

दिवा उतरणाऱ्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे त्याचीच सावली पुढच्या पायरीवर पडायची. तो बाजूच्या भिंतीवर हलवला. पायऱ्यांवर किमान १०० लक्स उजेड मिळतो का ते मीटरने पाहिलं.

२९ मे

बूट. खोल खाचांचा एकच प्रकार सगळ्यांना दिला, तो लेथवर फसला: खाचांत लोखंडी कीस रुतून तळ धातूसारखा झाला. खोल खाचा चिखलासाठी ठीक. गुळगुळीत ओल्या फरशीवर लहान, दाट, कडेपर्यंत उघड्या खाचा हव्यात, म्हणजे द्रवाला बाहेर जायला वाट मिळते. बुटांवरच्या घसरण-चाचणीच्या खुणांपैकी एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या सिरॅमिक टाइलवरची चाचणी, एसआरबी म्हणजे ग्लिसरॉल लावलेल्या स्टीलवरची, एसआरसी म्हणजे दोन्ही. नव्या बुटांवर एसआर एवढीच खूण दिसते. खूण पाहून दोन-तीन प्रकारांच्या मोजक्या जोड्या आणा, कामावर वापरून पाहा, मग सगळ्यांसाठी मागवा. बाहेर पडायच्या दारात तळ घासायचा ब्रश ठेवला.

१२ जून

पहिला मोठा पाऊस. प्रवेशद्वाराची चटई दोन पावलांत संपत होती आणि तिच्यापुढे ओले ठसे. तळ पुरेसे कोरडे व्हायला चार-पाच पावलं तरी चटईवर पडावी लागतात. छपराखाली बाहेर खरवडणारी जाळीदार चटई, आत पाणी शोषणारी लांब. तासाभरात आतलीही चिंब झाली. भिजलेली चटई पाणी घेत नाही, उलट प्रत्येक पावलाला देते. बदलायला दुसरा संच लागतोच. कडा गुंडाळत होत्या, म्हणून चटईच्या जाडीएवढा खळगा कापून ती जमिनीच्या पातळीला बसवली.

३० जून

पेंडुलम पुन्हा त्याच खुणांवर. नवी टाइल आमच्या धुलाईच्या पाण्यातही ३६ च्या वर. कोटिंगचा पट्टा ठीक. मात्र ढकलगाडी वळते त्या जागी वाळूची टोकं झिजू लागली आहेत, तिथे तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

नकाशा नवा लावला. सीमेवरचे लाल ठिपके गेले, जिन्यावरचे पिवळेही. पण हवेच्या खोक्यांपाशी नवे दोन लाल: ट्रे भरून वाहतात, कारण ते रिकामे करायचं काम कोणाच्याच यादीत नाही. ट्रेला नळी जोडून कूलंट परत मशिनच्या टाकीत सोडायचं काम चालू आहे. मध्ये गाळणी हवी, नाहीतर कीस पंपात जाईल. पंपाचा मेकॅनिकल सील आणि मालाच्या दारावरचं छप्पर पुढे वाढवणं, ही दोन कामं बाकी.